तळ्यात सोडलेली बदकं घरी आणताना: माझा अनुभव

बदक पाण्यात सोडलं की त्याचं आपोआप भागतं, हा समज आमच्या किनाऱ्यावर फार पक्का आहे. दापोली तालुक्यात आंजर्ले-केळशीच्या बाजूला पर्यटक वाढले तशी राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं वाढली. त्यातल्या काहींनी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं आणि त्यात पांढरी बदकं आणून सोडली. मुलं खूश होतात, फोटो छान येतात. पुढे धंदा बसला किंवा भाड्याचा करार संपला की माणसं सामान टेम्पोत भरतात आणि बदकं गावाच्या तळ्यात सोडून निघून जातात. आमच्या शेजारच्या गावात मे महिन्याच्या शेवटी हेच झालं. सात बदकं होती. आता त्यातली काही माझ्याकडे आहेत, काही चांगल्या घरी गेली आहेत. या सगळ्यात काय काय करावं लागलं, ते लिहिते आहे.

पांढरं बदक म्हणजे बहुतेक वेळा पेकिन. मस्कोव्ही ही जात सोडली तर बाकी सगळी पाळीव बदकं मॅलार्ड नावाच्या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून तयार केली आहेत. पेकिन मांसासाठी वाढवलेलं, अंगाने जड. पंख असतात, पण ते त्याला उडवू शकत नाहीत. रानबदक कोल्ह्याची चाहूल लागली की उडून जातं. याला धड पळताही येत नाही, आणि पांढरा रंग अंधारातही लांबून दिसतो. रात्री काठावर निजलं की कोल्हा, मुंगूस, नाहीतर गावातली कुत्री. खाडीत सोडलं तर प्यायला गोडं पाणी नाही. वाडीतल्या आत्या मला म्हणाल्या, "अगो, पाण्यातलाच जीव तो. तगेल." त्यांचं मन चांगलं आहे, पण तो तगत नाही. मी तळ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हाच काठाच्या गवतात पांढऱ्या पिसांचा सडा पडला होता. म्हणजे मुळात सातापेक्षा जास्त असणार.

उचलून आणण्याआधी कागद करून घेतला. बदकं कुणाच्या तरी मालकीची होती. उद्या कुणी "आमची बदकं चोरली" म्हणालं तर पंचाईत. मी पोलीस पाटलांना भेटले. त्यांनी मालकाचा नंबर काढून फोन लावला. पलीकडून "न्या हवी तर, आम्हाला नकोत" एवढंच उत्तर आलं. तेच मी व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं आणि जपून ठेवलं. वनखात्याच्या माणसालाही विचारलं. त्याने नीट समजावून सांगितलं की पाळीव बदक हा त्यांचा विषय नाही. अडई किंवा हळदी-कुंकू बदक असतं तर गोष्ट वेगळी. ती रानची पाखरं, त्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, ती घरात ठेवताच येत नाहीत. कायद्याचं निघालंच आहे तर सांगते: प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 मध्ये, उपाशी-तहानेलं राहावं लागेल अशा स्थितीत जनावराला सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा धरला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. वाचून माझा संताप झाला, अजून होतो.

पकडायला तरुण पोरं पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला निघाली होती. ते मी होऊ दिलं नाही. जाळ्यात गुंतलेलं बदक पाण्याखाली अडकलं तर बुडून मरतं. बदकं कळपाने चालतात, एक वळलं की सगळी वळतात, आणि याचाच उपयोग होतो. संध्याकाळी एकाच जागी भिजवलेली कणी टाकत गेलो. बदकं तिथे निर्धास्त यायला लागल्यावर मासेमारीचं जुनं जाळं बांबूंना बांधून दोन्ही बाजूंनी आडोसा केला आणि हातात लांब काठ्या धरून सावकाश त्यांना त्या आडोशात घातलं. काठी मारायला नव्हे, हात लांब करायला. बदकाला पायाने किंवा पंखाने कधी उचलू नये, पाय पटकन मोडतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून, खालून पोटाला आधार देऊन उचलायचं. कोंबड्यांची डालगी आणि भाजीचे प्लास्टिकचे क्रेट घेऊन गेलो होतो. क्रेटवर फळी बांधली की हवा राहते आणि बदक बाहेर पडत नाही.

घरी आमच्या कोंबड्या आहेत, म्हणून नवी बदकं थेट परसात सोडली नाहीत. वाडीच्या टोकाला मांगर, म्हणजे साधी खोप, आहे, तिथे ती तीन आठवडे वेगळी राहिली. तिकडच्या चपला वेगळ्या, बादल्या वेगळ्या, परतल्यावर साबणाने हात धुवायचे. घरच्यांना हे जास्तीचं वाटलं, पण पक्ष्यांत रोग किती झपाट्याने पसरतो ते महाराष्ट्राने 2006 मध्ये नवापूरच्या बर्ड फ्लूत पाहिलं आहे, आणि 2021 च्या जानेवारीत आमच्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही बर्ड फ्लू सापडला होता. पक्षी एकाएकी पटापट मरायला लागले तर हात न लावता आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, हे प्रत्येक पाळणाऱ्याला माहीत हवं.

डॉक्टरांकडे येतात ती गाई-म्हशी, बकऱ्या. बदक तपासायला आणलेलं बघून ते हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं, म्हणजे उपासमार. एक मादी लंगडत होती. तिचा पाय उलटा करून त्यांनी मला तळवा दाखवला: मधोमध हरभऱ्याएवढी काळी, कडक खपली आणि भोवती गरम सूज. सिमेंटच्या टाक्याशी, खरखरीत लादीवर महिनोन्‌महिने उभं राहिलं की तळवा घासतो, जंतू आत शिरतात आणि पू धरतो. पक्ष्यांचा पू पातळ वाहत नाही, खव्यासारखा घट्ट होतो, म्हणून घरी दाबून तो निघत नाही. डॉक्टरांनी खपली काढून साफ केलं, औषध दिलं. माझ्याकडे काम राहिलं ते कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, कोरडा करायचा, आयोडीन लावायचं, पट्टी बांधायची. मी मांडीवर टॉवेल घालून बसायची. सुरुवातीला ती चोच मारायची, मग गप्प राहायला लागली. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. औषध चालू असताना तिची अंडी कुणी खाल्ली नाहीत. ती किती काळ टाळायची ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

खाण्याचं सोपं असेल असं वाटतं. पर्यटकांनी त्यांना पाव आणि वेफर्सच घातले होते. पावाने पोट भरतं, अंग धरत नाही. आम्ही अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणतो, पण बदकाला नियासिन, म्हणजे बी3 जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं तर पायांत जोर राहत नाही, आणि पिल्लांचे तर पाय वाकतात. म्हणून खाद्यात ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळते. अंड्याच्या कवचाला चुना हवा, त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर दुकान शोधायला नको. कालवांची शिंपलं गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, पाट्यावर भरड फोडली की झालं. वेगळ्या करवंटीत ठेवायची. ज्या मादीला हवी ती खाते. शिवाय तवसाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, साली, शेवग्याचा पाला. पहिला पाऊस पडला आणि बदकं वाडीत गोगलगायींवर तुटून पडली तेव्हा खाद्याची पाटी अर्धी शिल्लक राहायला लागली.

आता पाणी. सगळं घोडं इथेच अडतं, कारण पाणी हवं पण घाण नको. बदकाला पोहायला तळं नसलं तरी चालतं. पण डोळे बुडतील एवढं डोकं घालता येईल असं खोल भांडं हवंच, नाहीतर डोळे चिकटतात, नाकपुड्या बुजतात. खातानाही शेजारी पाणी लागतं, सुका घास घशात अडकतो. आम्ही निळं पिंप आडवं अर्धं कापून जमिनीत बसवलं. बदकं त्यात उतरली की तासाभरात पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते रोज उपसून माडा-पोफळींच्या आळ्यांत घालतो. खताचं पाणीच ते. त्याच साचलेल्या पाण्यावर दिवस ढकलले तर उन्हाळ्यात त्यातच विषारी जंतू वाढतात आणि बदकांच्या माना लुळ्या पडतात. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पोहणं बंद करते, नुसती खोल बादली ठेवते. त्यावर ती आरामात राहतात.

घरी आली तेव्हा त्यांची पिसं पाण्यात भिजून अंगाला चिकटत होती. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. बदक चोच तिथे घासतं आणि ते तेल सगळ्या पिसांना लावत बसतं. घाणीत राहिलेल्या, उपाशी बदकाचं हे सगळंच बिघडतं. भिजलं की ते थंडीने काकडतं, बुडूही शकतं. स्वच्छ पाणी आणि पोटभर खाणं मिळाल्यावर हळूहळू त्यांच्या पाठीवर अळवावरच्या पाण्यासारखे थेंब धरायला लागले, ते बघायला मी मुद्दाम बादली घेऊन जायची.

पावसाळ्याचा मात्र नीट विचार करावा लागला. बदकं पावसात दिवसभर नाचतात, पण निजायची जागा कोरडीच हवी. धाकट्या दिरांनी जांभ्या चिऱ्यांचा हातभर उंच ओटा करून त्यावर पत्र्याचं खुराडं उभं केलं, समुद्राच्या वाऱ्याकडे झावळ्यांचे झाप बांधले आणि वर हवेला जागा सोडली. जाळी अर्ध्या इंचाची, कारण कोंबड्यांच्या साध्या जाळीतून मुंगूस आत येतं. खाली भाताचं तूस घालतो, ते आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधीच भरून ठेवावं लागतं. ओलं झालेलं तूस किंवा पेंढा बुरशी धरतो आणि ती बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते. खाद्याचंही तेच. बुरसलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांतलं विष बदकाला कोंबडीपेक्षा लवकर बाधतं. आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पोतं उघडं राहिलं की वास बदलतो, म्हणून मी पावसाळ्यात थोडं थोडंच आणते आणि झाकणाच्या पिंपात ठेवते. वास आला तर पैशाकडे न बघता खड्ड्यात पुरते.

सातात चार नर निघाले. ओळखायला सोपं आहे: मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा आणि शेपटीवर एक-दोन कुरळी पिसं. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. इथे उलटं होतं, आणि माद्यांच्या मानेमागची पिसं उपटून कातडी दिसायला लागली होती. नर वेगळे केले. माद्या नसल्या तर नर आपापसात बऱ्यापैकी शांत राहतात. अंडी मी रोज सकाळी उचलते, उबवायला ठेवत नाही. आहेत त्यांनाच घरं मिळवताना दम लागतो.

दोन नर खाडीपलीकडच्या एका शेतकरी काकांनी नेले. त्यांच्याकडे आधीच माद्या होत्या आणि गुरांना यकृतातल्या चपट्या कृमींचा त्रास. त्या कृमी गोगलगायींच्या मार्फत गुरांपर्यंत पोचतात, आणि बदकं गोगलगायी फस्त करतात. मी अटी घातल्या: लावणीची रोपं मुळं धरल्यावरच बदकं खाचरात सोडायची, भात निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, आधी बाहेर काढायची, फवारणी केलेल्या शेतात घालायची नाहीत आणि रात्री बंद करायची. जमणार नाही तर परत आणून द्यायची, तळ्यात सोडायची नाहीत. रानातल्या हळदी-कुंकू बदकांशी त्यांचा संकर होतो, म्हणूनही. त्यांनी सगळ्या अटी मान्य केल्या. तिसरा नर माझ्या तिघींबरोबर राहिला आहे, माद्यांची मानेची पिसं पुन्हा आली आहेत, तरी त्याला मी अर्धा दिवस जाळीपलीकडेच ठेवते.

चौथा अजून द्यायचा आहे. तब्येत उत्तम, माणसाला बुजत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून किमान चार माद्या आहेत आणि संध्याकाळी कडी लागेल असं खुराडं आहे, त्यांनाच देईन. आधी मी येऊन जागा बघेन. टाक्यात शोभेला ठेवायला देणार नाही.