तुम्ही विचारलेत म्हणून: परदेशी व्यापार सोपा झाला का?

आयात-निर्यातीच्या व्यवहारांची जबाबदारी मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे आणि या काळात एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे: जग इतके जवळ आले, मग अनेक देशांत व्यवसाय चालवणे आता सोपे झाले असेल ना? माल पोहोचवणे सोपे झाले, व्यवसाय सांभाळणे अवघड झाले, असे माझे उत्तर असते; आणि या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या आहेत.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकन वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्याच न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. गोणी आणि पेट्या एकेक करून चढवण्या-उतरवण्याचा खर्च त्यानंतरच्या काळात इतका खाली आला की कारखाना बाजारपेठेजवळ असण्याची गरजच उरली नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, डिसेंबर २००१ मध्ये चीन तिचा सदस्य झाला, आणि एकाच वस्तूचे भाग चार-पाच देशांत बनवून भलत्याच देशात जोडणे ही रोजची रीत होऊन बसली.

जितके दुवे, तितके परावलंबन. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकून राहिले, तेव्हा ज्यांचा एकही कंटेनर त्या जहाजावर नव्हता त्यांचाही माल मागे खोळंबला. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. गोदामात कमीत कमी साठा ठेवणे हे एके काळी चोख व्यवस्थापनाचे लक्षण मानले जाई. आता तोच साठा इतका कमी का होता, याचे उत्तर व्यवस्थापकाला द्यावे लागते.

कागदांचे महत्त्व तर मी नुकसान सोसून शिकलो. एका व्यवहारात लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यावर पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीत, मालाचे वर्णन ग्रेडसह (दर्जाच्या प्रतीसह) सविस्तर दिलेले होते आणि आमच्या इन्व्हॉइसवर ग्रेड लिहायचा राहून गेला. माल निर्दोष होता, जहाज वेळेवर निघाले होते, तरीही बँकेने डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढून पैसे अडवले, आणि ते तिच्या बाजूने योग्यच होते, कारण 'यूसीपी ६००' या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. दरम्यान बाजारभाव उतरला होता. खरेदीदाराने आमची चूक चालवून घेतली, पण त्या बदल्यात दरात सवलत मागितली आणि ती आम्हाला द्यावी लागली. माणसे एकमेकांना पाहतही नाहीत अशा व्यापारात विश्वासाची जागा कागदाने घेतलेली असते, आणि तो कागद अक्षरशः वाचला जातो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल मात्र उत्तरदायित्वाचा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना कामावर बोलावण्यात आले. ढिगाऱ्यात ज्या परदेशी कंपन्यांची लेबले सापडली, त्यांच्या मालकीचा तिथे एकही कारखाना नव्हता. 'तो पुरवठादाराचा प्रश्न आहे' हे वाक्य मी स्वतःही बैठकांत उच्चारले होते. त्यानंतर ते माझ्या तोंडून निघाले नाही. कायदाही हळूहळू त्याच दिशेने सरकला. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा-साखळीतील मानवी हक्कांची दखल घेणे बंधनकारक झाले, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून युरोपीय संघ पोलाद, सिमेंट यांसारख्या मालाच्या आयातदारांकडून तो माल बनवताना किती कार्बन उत्सर्जन झाले याचा हिशेब मागू लागला. दूरच्या कारखान्यातली भट्टी कशावर चालते, हेही आता खरेदी विभागाला ठाऊक असावे लागते.

म्हणून नवा पुरवठादार निवडताना मी त्याचे दरपत्रक शेवटी उघडतो. इमारतीच्या मजबुतीचा अहवाल, आपत्कालीन दरवाजे प्रत्यक्ष उघडतात की नाही, आणि काम पुढे कोणाला उपकंत्राटावर दिले जाते, हे मी आधी पाहतो. यामुळे पुष्कळदा दर चढा पडतो आणि तो का चढा आहे हे वरिष्ठांना पटवून देण्यातच माझा बराचसा वेळ जातो.