हौद्यात एक ओरखडा नाही

जुन्या गाड्या तपासून किंमत ठरवणं हे माझं काम. पिकअप आली की मी आधी मागे जातो. बॉनेट, सीट, स्क्रीन सगळं नंतर. गाडीने काय काय वाहिलंय ते मागच्या उघड्या हौद्यात दिसतं. फाळक्याच्या कडेचा रंग उडालेला असतो, तळाला पोचे असतात, कोपऱ्यात वाळू नाहीतर गंजलेले खिळे सापडतात.

त्या दिवशी मर्सिडीजची एक्स-क्लास आली. एक्स २५० डी, १९० हॉर्सपॉवरची. फाळका उघडला आणि क्षणभर वाटलं, गाडी शोरूममधूनच आली की काय. मीटरवर मात्र ऐंशी हजार किलोमीटर. ट्रेलर जोडायच्या टो-बारच्या गोळ्यावर प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच. साडेतीन टनांचा ट्रेलर ओढू शकणाऱ्या गाडीने साधी सायकलसुद्धा वाहिलेली दिसत नव्हती.

"जपून वापरलीय," मालक म्हणाले. आवाजात अभिमान होता.

गाडी लिफ्टवर घेतली. निस्सानच्या नवारा पिकअपखाली मी इतक्या वेळा उभा राहिलोय की पोट बघितल्याबरोबर ओळख पटली. तीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मागच्या ॲक्सलला त्याच कॉइल स्प्रिंग. यात लपवाछपवी काही नव्हती. २०१७ साली केपटाउनला गाडी दाखवली तेव्हापासून सगळ्यांना माहीत होतं की ही निस्सान नवारावर बेतलेली आहे आणि बार्सिलोनाला निस्सानच्याच कारखान्यात बनणार आहे. बदल केले नव्हते असंही नाही. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले. वरच्या मॉडेलला स्वतःचं तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेलही बसवलं. पण ही गाडी ती नव्हती, हिचं २.३ लिटरचं इंजिनही नवाराच्याच घरातलं. आत बसलो तर समोर ते गोल एसी व्हेंट आणि स्टिअरिंगवर मर्सिडीजचा तारा. गिअरचा दांडा मात्र मर्सिडीजसारखा स्टिअरिंगमागे नाही, दोन सीटच्या मध्ये.

मी आकडा सांगितला. मालकांचा चेहरा उतरला.

"अहो, मर्सिडीज आहे ही!"

"वरून आहे," मी म्हणालो. जरा तोडूनच बोललो, मान्य. मे २०२० मध्ये उत्पादन बंद पडलं, तीन वर्षंही धड झाली नाहीत. पिकअप जिथे खपतात त्या अमेरिकेत तर ती विकलीच नाही. तिकडे युरोपातून आयात केलेल्या पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के कर आहे. लिंकन कंपनीने तिथेच बसून ब्लॅकवुड नावाची पिकअप काढली होती. हौद्यात गालिचा घातला, फोर-व्हील ड्राइव्ह दिलंच नाही. साडेतीन हजारही खपल्या नाहीत. (गालिच्यावर खडी कोण टाकणार?) पण कॅडिलॅकची एस्कलेड ईएक्सटी ही पिकअप दहा वर्षांहून जास्त टिकली आणि तीही शेव्हरोले ॲव्हलांचवरच बेतलेली होती. त्यामुळे उसन्या सांगाड्याला दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. तिथे निदान दोन्ही गाड्या एकाच घरच्या, जनरल मोटर्सच्या होत्या. आणि तिकडे पिकअपमधून लग्नालाही जातात.

हे सगळं मी मालकांना ऐकवलं नाही. त्यांना फक्त आकडा हवा होता, आणि तोच त्यांना पटत नव्हता.

तेवढ्यात ज्याने तपासणी करायला सांगितली होती त्याचा फोन आला. बांधकामाची कामं घेणारा माणूस. फोन स्पीकरवर ठेवला. त्याने ताऱ्याबद्दल, सीटबद्दल एक शब्द विचारला नाही.

"हौदा कसा आहे?"

"एक ओरखडा नाही."

"म्हणजे वजन घेतलंच नाही कधी? चासी सरळ असेल मग. एक टन उचलेल ना?"

"उचलेल."

"मी घेतो. सोमवारपासून सिमेंटला लावतो."

मालक काही बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढला, फाळक्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते ते पुसले, आणि फाळका हळूच लावून घेतला.