टॅबलेटवरचे 'नको'

माझ्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले, तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याला अर्थपूर्ण असे दोनच शब्द येत होते. स्पीच थेरपिस्टनी सुरुवातीला चित्रकार्डे दिली. हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात द्यायचे, ही अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केलेली पद्धत त्याने लवकर आत्मसात केली. मात्र कार्डांचा गठ्ठा वाढत गेला, ऐन वेळी नेमके कार्ड सापडेनासे झाले आणि आम्ही टॅबलेटवरील संवादाच्या ॲपकडे, म्हणजे चित्राचे बटण दाबले की तो शब्द उच्चारणाऱ्या ॲपकडे, वळलो. यंत्राची सवय लागली तर तो बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, ही भीती मलाही होती. संशोधनात असा अपाय दिसून आलेला नाही, उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढते, हे थेरपिस्टनी समजावल्यावरच मी तयार झाले.

पहिली चूक माझीच. रंग, प्राणी, फळे अशा नामांनी मी पडदा भरून टाकला, पण त्याला हत्तीचे नाव सांगायचे नव्हते. 'अजून', 'थांब', 'नको', 'मदत' हे म्हणायचे होते. दुसरी चूक अधिक महागात पडली. शब्द वाढल्यामुळे एका रात्री मी सगळी बटणे नव्याने मांडली. सकाळी पाणी मागण्यासाठी त्याचे बोट सवयीने उजव्या कोपऱ्यात गेले आणि टॅबलेट 'चेंडू' म्हणाला. त्याने तेच बटण तीन-चार वेळा दाबले, टॅबलेट उपडा ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तो चित्र पाहून नव्हे, जागा ओळखून बोलत होता, जसे सरावलेले माणूस कळफलकाकडे न पाहता टंकलेखन करते. तेव्हापासून नवे शब्द मी केवळ रिकाम्या चौकटींतच भरते.

सर्वांत कंटाळवाणे काम होते ते आम्ही स्वतः टॅबलेटची बटणे दाबून बोलण्याचे. इतरांचे ऐकत ऐकत मूल भाषा शिकते. मग बटणांची भाषा कोणीच बोलताना दिसले नाही, तर ती त्याला यावी कशी? त्यामुळे दार उघडताना 'उघड', जेवण संपल्यावर 'संपले', असे अनेक महिने, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता, आम्ही दाबत राहिलो. 'दाखव बघू' म्हणून परीक्षा घेणे मात्र बंद केले, आणि ते मला सर्वांत जड गेले.

यंत्राचे मराठी उच्चार कृत्रिम वाटल्याने सारे शब्द मी माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते. एका दुपारी अक्षरे गिरवताना त्याने वही बाजूला सारली, मान वर न करता बोट नेले आणि माझ्याच आवाजात मला 'नको' म्हटले. पूर्वी अशा वेळी तो स्वतःचे मनगट चावत असे. ओळ अर्धीच झाली होती, तरी मी वही मिटली. त्या 'नको'ला मान दिला नसता, तर पुढच्या वेळी तो बटणाऐवजी मनगटाकडेच वळला असता.