तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड सारखा का उडतो?

"ताई, घरी बनवलेल्या सीएनसीचा बोर्ड उडालाय, कुठला नवीन घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे आपोआप कापणारं मशीन, आणि बोर्ड म्हणजे त्याच्या मोटरी चालवणारं सर्किट.) माझं उत्तर दरवेळी एकच असतं, की अजून काही घेऊ नका, आधी तो कशाने उडाला ते बघा, नाहीतर नवा पण तसाच जाणार. माझे स्वतःचे दोन गेलेत म्हणून एवढं ठासून सांगतेय.

ठाण्यात वागळे इस्टेटमधे माझा छोटा गाळा आहे, तिथे मी आणि माझा भाऊ नेमप्लेट आणि मखरं कापतो. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून प्लायच्या मखरांना मागणी वाढली आणि त्याच जोरावर आम्ही हे मशीन बनवलं. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा, नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी, २४ व्होल्टचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड आणि शील्डवर प्रत्येक मोटरला करंट देणारा एकेक छोटा ए४९८८ ड्रायव्हर, आर्डुइनोवर चालणारं सॉफ्टवेअर ग्रबल. म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांकडे असतो तोच सेट.

गणपतीला बारा दिवस होते, चौदा मखरं बाकी, आणि सकाळी एक्स दिशेची मोटर नुसती घरघरायला लागली. फिरत नाही, जागेवर थरथरते फक्त. स्क्रीनवर मात्र एक्सचे आकडे मस्त पळतायत, अलार्म नाही काही नाही, कारण ग्रबल फक्त पल्स पाठवतं, मोटर खरंच फिरली का हे त्याला कळायला काही मार्गच नसतो. मी पॉवर बंद करून एक्सचा ड्रायव्हर काढून वाय दिशेच्या ड्रायव्हरच्या जागी लावला तर वायची मोटर पण घरघरायला लागली. म्हटलं चला, सापडलं, ड्रायव्हर मेला. स्पेअरमधला नवीन लावला, मशीन वीस मिनिटं छान चाललं, आणि मखराच्या कमानीवर येऊन परत तेच.

तेव्हा मी पण तुमच्यासारखंच म्हणाले की माल डुप्लिकेट आहे, नाहीतर पावसाची ओल लागली असेल. भाऊ तर ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड करत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन अख्खा नवीन सेट आणायला निघाला होता. शेजारच्या गाळ्यात मोटर रिवाइंडिंग करणारे काका आहेत, ते सहज चहाला आले आणि म्हणाले, "अगं, बोर्ड बोर्ड काय करतेस, वायर बघितलीस का?"

वायर बघितली नव्हती. मोटर सरळ बोर्डाशीच जोडलेली आहे असं आपल्या डोक्यात असतं, मधली दोन मीटर केबल आपण मोजतच नाही. आणि फसवणूक कुठे होते बघा, मोटरमधे दोन कॉइल असतात आणि ड्रायव्हरचं एकेक चॅनल एकेका कॉइलला करंट देतं, त्यामुळे ड्रायव्हरचं एक चॅनल मेलं तरी मोटर घरघरते आणि मोटरच्या एका कॉइलची वायर तुटली तरी तशीच घरघरते, बाहेरून दोन्ही सेम.

मग काकांसमोरच पॉवर बंद केली, शील्डवरचा चार पिनचा कनेक्टर काढला आणि मीटर ओहमवर लावला. माझ्या मोटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण दीड ओहम, मीटरच्या वायरींचा धरून १.८ आला, दोन्ही कॉइलना सारखाच. म्हटलं बघा काका, बरोबर आहे. ते म्हणाले, आता प्रोब तसेच धर, आणि त्यांनी हाताने गॅन्ट्री, म्हणजे मशीनचा सरकणारा गाडा, हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलली. १.८, १.८, १.८, आणि डाव्या टोकाच्या अलीकडे मीटर एकदम ओपन, म्हणजे वायर तिथे तुटलेली. थोडं मागे घेतलं, परत १.८.

ड्रॅग चेन, म्हणजे सरकत्या भागाबरोबर केबल सांभाळून नेणारी प्लास्टिकची साखळी, उघडून तिथला तुकडा कापला, ब्लेडने इन्सुलेशन चिरलं. वरून केबल नवीकोरी, साधा ओरखडा पण नाही, आणि आत तांब्याच्या तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या, चार-पाच शिल्लक, टोकं काळपट. मी साधी वायर वापरली होती, रोज हजार वेळा वाकवली तर ती आतून तुटणारच. ड्रॅग चेनला बारीक तारांची वेगळी फ्लेक्झिबल केबल मिळते, तीच घ्यायची, आणि वळण जरा मोठं ठेवायचं.

आता वायर तुटून ड्रायव्हर का मरतो, तर कॉइलमधे करंट वाहत असताना सर्किट अचानक उघडलं की कॉइल तो करंट चालू ठेवायला बघते आणि त्या क्षणी व्होल्टेज उसळतं. ए४९८८ ची मर्यादा ३५ व्होल्ट, ती ओलांडली की ड्रायव्हर जातो. म्हणूनच पॉवर चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू किंवा लावू नका, तिथे पण हेच होतं. मोटरच्या सप्लायवर ड्रायव्हरच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलाच पाहिजे, पण तो सप्लायचे झटके खातो, तुटक्या वायरीपासून वाचवत नाही.

नवीन ड्रायव्हर लावताना करंट सेट करायला विसरू नका. त्यासाठी ड्रायव्हरवरचा छोटा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, फिरवून व्हीरेफ हे व्होल्टेज ठरवायचं, आणि व्हीरेफ म्हणजे करंट गुणिले आठ गुणिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). चिपशेजारच्या त्या दोन बारीक रेझिस्टरवर आर१००, म्हणजे ०.१ ओहम, लिहिलं असेल तर १.२ अँपियरला ०.९६ व्होल्ट. पण काही कॉपी बोर्डांवर आर०५०, म्हणजे ०.०५ ओहम, असतो, तिथे त्याच ०.९६ ला डबल करंट जातो आणि ड्रायव्हर तापून जातो. भिंग घेऊन वाचा, अंदाजाने प्रीसेट फिरवू नका.

केबल बदलली, तिसरा ड्रायव्हर लावला, चौदाच्या चौदा मखरं वेळेत गेली. तोच ड्रायव्हर अजून चालू आहे.

तर पुढच्या वेळी मला विचारताना आधी एवढं करा. दोन्ही कॉइलचे ओहम घ्या, कनेक्टरच्या बाजूने, गॅन्ट्री हाताने पूर्ण सरकवत. जोड्या कळत नसतील तर दोन वायरी एकमेकींना चिकटवून शाफ्ट फिरवा, जड लागला तर ती एक कॉइल. मग पॉवर बंद ठेवून ड्रायव्हरच्या चारही आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत मीटरच्या डायोड मोडवर रीडिंग घ्या, चांगल्या ड्रायव्हरशी ताडून बघा. आणि सेन्स रेझिस्टरवर काय लिहिलंय त्याचा जवळून फोटो काढा. हे सगळं पाठवा, मग कुठला बोर्ड घ्यायचा ते बोलू.