इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्च आणि आमच्या गावचा सप्ताह

माझी ताई आणि दाजी इंग्लंडात सॉमरसेटमधल्या एका खेड्यात राहतात. खेडं म्हणजे खरंच खेडं, मेंढ्या, सफरचंदाच्या बागा, एक दुकान, एक पब आणि मधोमध उंच दगडी मनोऱ्याचं जुनं चर्च. मी तिकडं राहून आले तेव्हापासून वाईत ज्याला त्याला हेच सांगतेय, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढावं.

पहिली गोष्ट म्हणजे हे चर्च चालवतं ते गाव. पाद्रीबाई आहेत, पण त्यांच्या एकटीकडं आजूबाजूची बरीच गावं, त्यामुळं या रविवारी इथं तर पुढच्या रविवारी दुसरीकडं. बाकी सगळा गाडा गावकरी ओढतात. दरवर्षी दोन चर्चवॉर्डन निवडतात, म्हणजे आपल्याकडच्या देवस्थानाच्या पंचांसारखे. आणि आत शिरल्या शिरल्या दारापाशी याद्या लावलेल्या, फुलं कोण लावणार, झाडू कोण मारणार, प्रार्थनेनंतर चहा-कॉफी कोण करणार, सकाळी दार कोण उघडणार आणि संध्याकाळी कुलूप कोण लावणार. फुलांच्या यादीत आमच्या ताईचं नाव! दाजी रोज सकाळी हरिपाठ म्हणणारे माळकरी माणूस, ते चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापायला जातात, कारण त्या गावात राहतो तर पाळी घ्यायची, एवढंच, तुमचा देव कुठला हे तिथं कुणी विचारत नाही. ग्रामपंचायत तिकडं वेगळी असते, 1894 च्या कायद्यानं ती चर्चपासून वेगळी काढली. पण छत गळायला लागलं तर खर्च मुख्यतः गावालाच उभा करावा लागतो, मग केक विका, जुनी पुस्तकं विका, उन्हाळ्यात मैदानावर जत्रा भरवा.

मला सगळ्यात आवडलं ते घंटा वाजवणं. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असतो, ताईबरोबर मी मनोऱ्यात गेले होते. गोल चक्री जिना चढून गेलं की एक लहान खोली, छतातून सहा दोर खाली आलेले, प्रत्येक दोराला एका जागी लोकरीची जाड रंगीत पट्ट्यांची मूठ, तिला सॅली म्हणतात. वर प्रत्येक घंटा मोठ्या चाकाला बसवलेली असते, वाजवायच्या आधी ती तोंड वर करून उभी करतात आणि दोर ओढला की अख्खी घंटा पूर्ण गोल फिरून परत तोंड वर करून थांबते. एवढी जड वस्तू पटापट वाजत नाही, म्हणून त्यावर गाण्याची चाल वाजवत नाहीत, सहाजण आपला क्रम नियमानं बदलत राहतात. सहा घंटांचे 720 क्रम होतात, एकही दोनदा येता कामा नये, सगळे वाजवायला साधारण अर्धा तास लागतो आणि समोर कागद नाही, सगळं पाठ! एक आजोबा आणि शाळेतली एक पोरगी शेजारी शेजारी उभं राहून वाजवत होते आणि दोघांची नजर बाकीच्यांच्या दोरांवर. (आमच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा पण मूळची चर्चचीच, वसईच्या 1739 च्या विजयानंतर आलेली, ती मात्र जागेवर टांगलेली.) दुसऱ्या महायुद्धात 1940 ला सरकारनं या घंटा बंद करायला लावल्या होत्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून. 1943 ला बंदी उठली.

चर्चजवळ युद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं दगडात कोरलीत आणि नोव्हेंबरात 11 तारखेच्या जवळच्या रविवारी ती एकेक करून मोठ्यानं वाचतात. मला आपलं मिलिटरी अपशिंगे आठवलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले.

आता आपल्याकडचं बोलते. पाळी आपल्याला नवीन नाही ओ. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीला लागते आणि रात्री दोनच्या पहाऱ्याला सुद्धा माणूस वेळेवर हजर असतो. पंगतीला तर वाढपी जास्त होतात. पण काल्याचं कीर्तन झालं, मांडव उतरला की वर्षभराची झाडलोट, दिवाबत्ती सगळी एकट्या गुरवकाकांवर, ज्यांचे आता गुडघे चालत नाहीत. कळसाला वर्गणी आठवड्यात गोळा होते, रोजच्या वातीला मात्र हात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिकडं रविवारी प्रार्थनेला माणसं मोजकीच, तरुण तर फारच कमी, तरी चर्च उघडं आणि स्वच्छ राहतं ते त्या दारातल्या यादीमुळं.

म्हणून सप्ताहाच्या मीटिंगमध्ये मी वर्षाची यादी मांडणार आहे. प्रत्येक घराला एक आठवडा, पार झाडणं, समईचं तेल, नळाखालची भांडी, पुण्या-मुंबईच्या पोरांनी गावाला येतील त्या रविवारी पाण्याची टाकी धुवायची. आमच्या घरचा पहिला आठवडा मी आत्ताच सांगून ठेवते, दुसरा कोण घेतंय ते कळवा.