सायकल गेली

मंगळवार, रात्री साडेअकरा

परत येऊन आठ दिवस झाले. झोप लागत नाही, तिकडची वेळ अजून अंगातून गेली नाही, असं सगळ्यांना सांगतेय. कारण ते नाही.

कारण एक कागद आहे.

लेकीला ऑफिसला जायचं होतं. जाताना तिनं मला त्या इमारतीच्या दारात सोडलं. "आई, इथं वाचायला बसता येतं. आणि आधी बँक होती ही. आजोबांसाठी बघून ये." म्हणून गेले. अ‍ॅमस्टरडॅम शहराचं दप्तर 2007 पासून तिथं आहे. 1926 साली बांधून झालेली बँक, दगड-विटांचे थरावर थर, आत शिरलं की आपसूक आवाज खाली येतो. जावा-सुमात्राच्या व्यापारातला पैसा तो. आराखडा काढणारे डे बाझेल 1923 सालीच वारले, इमारत पुरी व्हायच्या आधी; दुसऱ्या एका वास्तुविशारदाच्या अंत्ययात्रेला निघाले होते, वाटेतच गेले. इमारतीला आता त्यांचंच नाव आहे. हे सगळं मी आबांना सांगायचं म्हणून मनात जुळवत होते. अजून जुळवते. सवय.

मग तळघरात उतरले. तिथं बँकेची तिजोरी. आबा असते तर आधी तिथंच गेले असते, दाराची जाडी बघायला. आता आत पैसाअडका नाही, काचेखाली कागद. एका कागदापाशी मी थांबले. 1942 ची पोलिसांतली तक्रार, पुढं नाझींच्या छावणीत गेलेल्या त्या डायरीवाल्या अ‍ॅन फ्रँकची सायकल चोरीला गेल्याची. एका मुलीची सायकल गेली, कुणीतरी ते लिहून घेतलं, आणि एवढं सगळं घडून गेल्यावरही तो कागद तिजोरीत आहे.

माझी सायकल 1986 ला रंकाळ्यावरून गेली. चौकीत आम्ही गेलोच नाही. आबांनी त्या रात्री जमाखर्चाच्या वहीत लिहिलं, 'सायकल गेली.' पुढं रकमेच्या रकान्यात आडवी रेघ. पै न् पैचा हिशोब जुळल्याशिवाय जेवायला न बसणारा माणूस, त्यानं रक्कम घातली नाही. मी दिव्याखाली शेजारी उभी राहून बघत होते, रेघ ओढताना पेन जरा थांबलं होतं. आमची तक्रार ती तेवढीच.

ती वही मी रद्दीत घातली.

ती एकटी नाही, सगळ्याच. किती होत्या ते मोजलंही नाही. 23 किलो भरल्या, एवढं माहीत आहे. "ताई, पुठ्ठा काढून द्या की, पुठ्ठ्याचा भाव येगळा," रद्दीवाला म्हणाला. मी जिन्यात बसून पुठ्ठे फाडून दिले. माझ्या हातांनी. 2019 च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या घरात छातीएवढं पाणी होतं. फ्रिज गेला, आईच्या साड्यांची ट्रंक गेली. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पंचगंगेनं सोडल्या त्या मी घालवल्या.

घर रिकामं करायचं सगळं माझ्याच गळ्यात का आलं, कुणी एकानं तरी विचारायचं होतं, थांब म्हणायचं होतं. दादाला तेव्हा फोन केला होता. तो म्हणाला... जाऊ दे. त्याचंही बरोबर होतं.

आज दुपारी राहवलं नाही, करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसले. 1850 पासूनची संस्था, पण आमच्या घरी ती 'आबांची लायब्ररी'. बँक सुटली की आबा आधी तिथं आणि मग घरी. काय शोधायला गेले होते कोण जाणे. समोर एक आजोबा बोट ओलं करून पेपर उलटत होते. आबा तसं कधी करायचे नाहीत. नोटा मोजताना स्पंजच्या डबीत बोट बुडवणारे आबा पुस्तकाला मात्र कोरडं बोट लावायचे; वरचा कोपरा अंगठ्यानं हळूच सुटा करायचा आणि तळव्यानं पान पलीकडं निजवायचं. हे मला अगदी स्वच्छ दिसलं. वह्या नसतानाही दिसलं. जरा बरं वाटलं, पण थोडाच वेळ. कारण मी आहे तोवरच ते दिसणार. तो सायकलीचा कागद बघायला त्या मुलीच्या ओळखीचं कुणी असावं लागत नाही.

घरी येताना भवानी मंडपापाशी रिक्षा थांबवून नुसतीच उभी राहिले. तिथं आबांचं एक बोलणं आठवलं. बँकेतली जुनी व्हाउचरं मुदत संपली की नष्ट करत. मी लहान होते, हळहळले होते. आबा म्हणाले, "अगं, कागद जातोच. काय घालवलं त्याची नोंद मात्र ठेवायची. ती नसली तर चूक."

नोंदसुद्धा मी ठेवली नव्हती. वर्ष झालं.

म्हणून आत्ता उठून दिवा लावला. या वहीच्या मागच्या पानावर पट्टीनं रकाने आखले. आखताना लक्षात आलं, आबांसारखाच तारखेचा रकाना मी अरुंद ठेवलाय. लिहिलं: 'आबांच्या जमाखर्चाच्या वह्या, 23 किलो, दर 12.' पुढं आडवी रेघ ओढणार होते. पण सायकलीचे कुणी पैसे दिले नव्हते. वह्यांचे मी घेतले होते, मोजून. आबांनी रेघ ओढू दिली नसती.

276 रुपये. जमेच्या बाजूला.