वचनाच्या आगेमागे

मराठी ख्रिस्ती घरात फ्रीजवर, टीव्हीशेजारी किंवा पवित्र शास्त्र ठेवतात त्याच कप्प्यात एक छोटी डबी हमखास सापडते. वचनांची डबी. आत बोटभर लांबीची कार्डं दाटीनं उभी लावलेली, प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन आणि खाली बारीक अक्षरांत त्याचा पत्ता, अध्याय अमुक, ओवी तमुक. काही डब्यांचा आकार चक्क पावासारखा असतो, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या प्रार्थनेची आठवण म्हणून. डबीची कल्पना विलायती, त्यामुळे भाकरीच्या जागी पाव आला, एवढंच.

सकाळी चहा व्हायच्या आत कुणीतरी त्यातलं एक कार्ड ओढतं आणि मोठ्यानं वाचतं. वर्षाचं वचन मात्र डबीतून येत नाही. ते ३१ डिसेंबरच्या रात्री, वॉचनाईटच्या उपासनेनंतर, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तबकातून घ्यायचं. बारा वाजतात, सगळे एकमेकांना सलाम करतात, आणि देवळाच्या दारातच चौकशी सुरू होते, "तुला काय आलं?" एखाद्या मावशीला 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही' आलेलं असतं आणि तिच्या चेहऱ्यावर वर्षाची बेगमी झाल्याचं समाधान असतं. तिच्या दहावीतल्या नातवाला 'अरे आळशा, मुंगीकडे जा' येतं. मग ते पाळकसाहेबांनी मुद्दाम घातलं, तबक फिरवणाऱ्यानं नेमकं त्याच्याच समोर धरलं, असे संशय जानेवारीभर घरात खेळत राहतात. "बदलून मिळतं का?" हाही प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

आमच्यातल्याच काही गंभीर माणसांना हा प्रकार आवडत नाही. देवाचं वचन म्हणजे काय सोडत आहे का, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी कार्ड ओढते. माझ्या बाजूनं सांगायचं तर या प्रथेचं घराणं बरंच जुनं आहे. जर्मनीच्या सॅक्सनी भागात हेर्नहूट नावाचं गाव आहे. काउंट झिंझेंडॉर्फ या जर्मन सरदाराच्या जमिनीवर मोराव्हियातून आलेल्या निर्वासित ख्रिस्ती कुटुंबांनी ते वसवलं. ३ मे १७२८ च्या संध्याकाळच्या उपासनेत झिंझेंडॉर्फनं दुसऱ्या दिवसासाठी सगळ्यांना एक वचन दिलं. मग रोजच तसं होऊ लागलं आणि सकाळी कुणीतरी दारोदार जाऊन त्या दिवसाचं वचन पोचवू लागलं. १७३१ साली अख्ख्या वर्षाच्या वचनांचं पुस्तक छापून निघालं, ते अजून दर वर्षी निघतं, पन्नासहून अधिक भाषांत. जुन्या करारातली वचनं तिथे आजही चिठ्ठ्या टाकून काढतात, आणि तीही काही वर्षं आधी. त्याला साजेसं नव्या करारातलं वचन मात्र माणूस बसून निवडतो. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

सकाळी दारात वचन घेऊन येणाऱ्या त्या माणसाचं काम आता मोबाइल करतो. कुटुंबाच्या ग्रुपवर साडेपाचला गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि मधोमध चमचमत्या अक्षरांत वचन येतं. काका ते पाठवतात, आत्या हात जोडते, बाकीचे झोपलेले असतात. गुलाबाबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ती त्या वचनाभोवतीची मोकळी जागा. शास्त्रात वचनाभोवती अशी मोकळी जागा कुठेच नसते, तिथे पुढे-मागे माणसांची गर्दी असते.

शिवाय वचनांचे हे तुकडे मुळात पाडले कुणी? शास्त्र लिहिलं गेलं तेव्हा त्यात ओव्यांचे आकडे नव्हते. नव्या करारातली आजची ओव्यांची विभागणी रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकानं केली, १५५१ च्या आवृत्तीत. पॅरिसहून लियाँला जाताना, प्रवासातच, वडिलांनी हे काम केलं असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय. मुलानं लिहिलं त्याचा अर्थ घोड्यावर बसून असा घ्यायचा की वाटेतल्या मुक्कामांवर, यावर अभ्यासक वाद घालतात. काही ओव्या वाक्याच्या भलत्याच जागी तुटलेल्या पाहून मी घोड्याच्या पक्षात आहे.

म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. कार्ड ओढायचं, पत्ता बघायचा आणि त्या पत्त्यावर जाऊन शेजारीपाजारी कोण राहतं ते पाहून यायचं. वचन कधी खोटं निघत नाही, पण त्याची संगत बघून मी बरेचदा चकित होते, कधी कधी हसतेही.

उदाहरणार्थ, आपण एकमेकांच्या दृष्टिआड असताना परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, या अर्थाचं उत्पत्तीतलं, म्हणजे शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकातलं, वचन. दूर जाणाऱ्या माणसासाठी इतकं गोड वाटणारं दुसरं वचन सापडणार नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये प्रेमिक मंडळी त्याचे दागिने घालत. आता एकतिसावा अध्याय उघडा. बोलणारा आहे लाबान, समोर उभा आहे त्याचा जावई याकोब. याकोबानं सासऱ्याकडे वीस वर्षं राबून काढली आहेत, सासऱ्यानं दहादा वेतन बदललं आहे. शेवटी जावई बायकामुलं, गुरंढोरं घेऊन न सांगता निघाला आहे, आणि मुलगी राहेल बापाच्या घरातल्या मूर्ती चोरून उंटाच्या खोगिरात लपवून वर बसली आहे. सासऱ्यानं पाठलाग करून गाठलं, कडाक्याचं भांडण झालं, आणि मग दगडांची रास रचून तो म्हणतो, देव नजर ठेवील! म्हणजे माझा तुझ्यावर काडीचा भरवसा नाही. कुठल्याही मराठी लग्नघरात हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. हे कळल्यावर ते वचन मला जास्तच जवळचं वाटू लागलं. जिथे माणसांचा एकमेकांवर विश्वास उरलेला नाही, तिथेही देवाला मध्ये घालून दोघं जेवायला बसतात. त्या अध्यायाच्या शेवटी ते खरोखरच जेवतात.

तसंच 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.' हे कार्ड सगळ्यात लाडकं. मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल हे लिहितो तेव्हा बंदिवासात आहे, हे उपदेशात नेहमी सांगतात. दोनच ओव्या आधी काय आहे ते क्वचित सांगतात. तिथे फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोन बाया आहेत. दोघींचं बिनसलेलं आहे. दोघीही कामाच्या, सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या, आणि पौल दोघींना नाव घेऊन विनवतो की बायांनो, एकचित्त व्हा. भांडण कशावरून, ते तो लिहीत नाही. पत्र मंडळीत मोठ्यानं वाचलं गेलं असणार आणि त्या दोघीही बहुधा समोरच बसलेल्या असणार, एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. ज्यानं कुठल्याही महिला मंडळाचं हळदीकुंकवासारखं निर्मळ वाटणारं स्नेहसंमेलन आतून पाहिलंय, त्याला त्या क्षणाची शांतता ऐकू येईल. आनंदाची आज्ञा अशा मंडळीला दिलेली आहे. तेव्हा ती आमच्याही मंडळीला लागू पडते, यात शंका नको.

यिर्मया संदेष्ट्याचं वचन वर्षारंभाला हमखास कुणाच्या तरी वाट्याला येतं. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नोकरी बघणारा मुलगा ते पाकिटात ठेवतो. ठेवावंच. पण हे वाक्य ज्या पत्रात आहे ते बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना धाडलेलं आहे आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांतले बरेचसे परतीचा दिवस पाहणार नव्हते. मग त्यांनी करायचं काय? तेही लिहिलंय. घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

हे वाचताना मला दर वेळी पुण्याजवळचं केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली ती फळबाग करावी, विधवांसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदनाला तेवढंच उत्पन्न होईल, अशा व्यवहारी हिशेबानं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या गेल्या आणि बागेच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे शेती झाली, माग आले, छापखाना आला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं आणि ते त्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, ग्रंथ बाहेर पडला तो नंतर. एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी काही महिनेच वारली होती. हिताचे संकल्प म्हणतात ते रमाबाईंच्या आयुष्यात कुठे दिसतात, असं कुणी विचारलं तर मी बागेकडे बोट दाखवीन, मनोरमेबद्दल गप्प राहीन. त्या बाबतीत कार्डावरचं वाक्य घाईनं पुढे करणाऱ्यांचा मला राग येतो. मयतीच्या घरात तर फारच.

अशा घरासाठी किंवा अगदी थकून गेलेल्या माणसासाठी शास्त्रात जे आहे ते कार्डावर छापलेलं मी पाहिलेलं नाही. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. मग झोपतो. देवदूत येतो. आता तो काय बोलेल? धीर धर, विश्वास ठेव, विजय आठव? त्यातलं काहीच तो बोलत नाही. तो म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा तेच, ऊठ, खा, तुला लांब जायचंय. कान उपटण्याचं काम, प्रश्न विचारण्याचं काम, सगळं नंतर, होरेब डोंगरावर.

'ऊठ, खा' हे मी एका कोऱ्या कार्डावर पेनानं लिहून आमच्या डबीत घातलंय. परीक्षेच्या दिवसांत ते नेमकं भाच्याला आलं. त्यानं आज्ञेचं पालन केलं आणि अध्यायातलं उरलेलं, म्हणजे झोपही, स्वतःहून पूर्ण केली.

नहेम्याच्या पुस्तकातलं वचन याच जातीचं आहे. परमेश्वराविषयीचा आनंद हाच तुमचा आश्रयदुर्ग, हा त्याचा शेवटचा भाग तेवढा कार्डावर येतो. यरुशलेमेत, पाणवेशीसमोरच्या चौकात, एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि ऐकणारे रडतायत. त्यांना सांगतात, रडू नका, जा, मिष्टान्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही केलेलं नाही त्यांना ताटं पाठवा. ओवीचा अर्ध्याहून अधिक भाग जेवणाचाच आहे आणि तो कार्डावाल्यांनी कापला.

आमच्याकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात आणि ताटं गल्लीत फिरतात. पहिली ताटं ओळखीच्यांकडे जातात, ज्यांच्याकडून दिवाळीत आलेली असतात त्यांच्याकडे. यंदा यादी करताना मी आईला नहेम्या वाचून दाखवला, आठवा अध्याय, दहावी ओवी, पूर्ण. तिनं ऐकून घेतलं, यादीच्या वर कोपऱ्यावरच्या बांधकामावरच्या वॉचमनची खोली लिहिली आणि म्हणाली, "मग शंकरपाळ्यांचा मैदा अर्धा किलो वाढव. आणि लाटायला तू बस."